एप्रिलमधली टर्की

१४ सप्टेंबर

सिग्ने,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे न फोडताच फेकायचा विचार तुझ्या मनात आला असेल. फेकू नकोस. कामाचं पत्र आहे, रडारड काही नाही.

मला टर्कीबद्दल विचारायचं आहे.

यंदा थँक्सगिव्हिंगचं जेवण मी करतोय. हो, मी. हसून घे. तुझी आई जाऊन सात महिने झाले आणि चर्चमधल्या बायका आत्तापासूनच एकेक करून विचारून जायला लागल्यात, "ऑर्लिन, त्या दिवशी आमच्याकडे यायचं हं." इतक्या मायेनं विचारतात की पळून जावंसं वाटतं. बर्निसनं तर माझा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेचना. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "जमणार नाही गं, माझ्याकडेच पाहुणे आहेत." कोण पाहुणे, म्हणाली. मी म्हटलं, ड्वेन. रस्त्यापलीकडच्या ड्वेनला आजवर कुणी पाहुणा म्हटलेलं नाही. त्याला कळवलं तर म्हणाला, "म्हाताऱ्या, मला विषबाधा करून तुला काय मिळणार आहे?" पण येतोय.

आता टर्की. वैरणीच्या दुकानातून सहा पिल्लं आणली होती. दोन पहिल्याच आठवड्यात गेली, तीन रकूनानं नेली, एक नर राहिला. तो वाढायचा थांबतच नाही. काल त्याला दुधाच्या जुन्या काट्यावर चढवला तर एकतीस पौंड भरला, आणि अजून सप्टेंबर अर्धा जायचाय. तुझ्या आईची, आर्डिसची टर्की ऐन सणाला विसाच्या वर कधी गेली नव्हती. दाणा तोच घालतोय. माझं काय चुकलं?

तू लहानपणापासून आईबरोबर कोंबड्यांत असायचीस, म्हणून विचारलं. मला गाईंपलीकडे काही कळत नाही, हे तुला माहीतच आहे.

ऑरेगनमध्ये हवा कशी आहे? उत्तर दिलंच पाहिजे असं नाही.

ऑर्लिन
(तुझा बाप)


१ ऑक्टोबर

सिग्ने,

पोस्टकार्ड मिळालं. पुढे समुद्र, मागे पाच शब्द: "पिल्लं कोणत्या महिन्यात आणलीत? सिग्ने." सात वर्षांत पाच शब्द, त्यातलं एक तुझं नाव. तक्रार नाही करत. मी ते फ्रिजवर लावलंय, समुद्र आतल्या बाजूला.

एप्रिलमध्ये आणली. दुसऱ्या आठवड्यात. समोर दिसली म्हणून घेतली, विशेष काही कारण नाही.

जेवणाचा बेत ठरत आलाय, ऐक. आईचा नियम मोडायचा नाही, हे आधी ठरवलं. तुला आठवतोय ना? त्या दिवशी टेबलावर जे येईल ते एक तर आपल्या मातीतलं, नाही तर ज्याला आपण नावानं हाक मारतो अशा माणसाच्या हातचं. मीठ आणि कॉफी यांना तेवढी माफी. बाकी दुकानातला डबा दिसला की आर्डिस तो अंगणात नेऊन ठेवायची, पाहुण्यानं आणलेला असला तरी. पास्टरबाईंचा एक डबा तिनं असाच बाहेर ठेवला होता. रात्रभर बर्फात राहिला बिचारा.

तर बटाटे आपले. लाल भोपळे आपले, यंदा इतके लागलेत की ड्वेनच्या दारात चोरून ठेवून येतो. कांदे, सलगम, सेजचा पाला, सगळं आपलं. आईच्या बागेत मी तण काढलं नाही, नुसतं पाणी घातलं, तरी तिनं लावलेलं आपापलं उगवून आलं. सफरचंदं विहिरीजवळच्या झाडाची. ती नुसती खाल्ली तर तोंड वाकडं होतं, पण ॲपल पायला चांगली, असं आई म्हणायची. पिठासाठी दरीतल्या मेल्विनकडे गेलो होतो. तो अजून जात्यावर गहू दळतो आणि अजून तितकंच बोलतो.

क्रॅनबेरीचं तेवढं राहिलंय. ज्यांच्याकडून आई आणायची ते गृहस्थ गेले. आता तिथं कोण आहे, मला ठाऊक नाही.

तुझा बाप


२० ऑक्टोबर

सिग्ने,

दुसरं कार्डही मिळालं. यावर दीपगृह आहे. मजकूर मी तीनदा वाचला: "आई जुलैत आणायची. नोव्हेंबरपर्यंत तो ओव्हनमध्ये मावणार नाही. करवत शोधून ठेवा. एप्रिलमध्ये टर्की आणतं का कुणी?"

जुलै! चाळीस वर्षं त्या बाईबरोबर एका घरात राहिलो आणि ती पिल्लं कधी आणते ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं वासरं वसंतात, म्हणजे पिल्लंही वसंतातच. ड्वेनला हे सांगितलं तर तो रस्त्यात बसून हसला, अक्षरशः खाली बसला. आता वैरणीच्या दुकानात जो तो विचारतो, "काय ऑर्लिन, तुमच्या टर्कीला गाडीचं लायसन्स मिळालं का?" हसू दे. निदान माझ्याशी बोलायला त्यांना विषय तरी मिळाला. उन्हाळाभर मला बघितलं की आवाज खाली करत होते.

मागच्या पत्रात मी लिहिलं, विशेष काही कारण नाही. ते खरं नव्हतं. एप्रिलमध्ये दुकानात गेलो होतो खिळे आणायला. तिथं दिव्याखाली ती पिल्लं चिवचिवत होती आणि मला घरी जाववेना. आर्डिस गेल्यापासून स्वयंपाकघरात फ्रिजचा आवाज ऐकू येतो, सिग्ने. इतकी वर्षं तो कधी ऐकू आला नव्हता. म्हणून पिल्लं आणली. खोक्यात घालून चुलीशेजारी ठेवली, तीन आठवडे. जेवताना ती ओरडत असायची. बरं वाटायचं. हे ड्वेनला सांगू नकोस.

क्रॅनबेरीचं जमलं. गेलो तर बांधावर गुडघाभर बुटांत एक बाई उभी. मी आधी बेरी मागितली आणि मग म्हटलं, "बाई, तुमचं नाव काय?" "कशाला हवंय?" म्हणाली. मी म्हटलं, "नाव कळल्याशिवाय मला तुमचं काही नेता येणार नाही." तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "अहो आजोबा," ती म्हणाली, "माझा नवरा तिकडे ट्रॅक्टरवर आहे." कप्पाळ! मग आईचा नियम समजावून सांगितला, तर हसता हसता डोळे पुसायला लागली. मर्ना नाव तिचं. मूठभर जास्तच घातली आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी आलात की हाक मारा."

तर आता नावंगावं सगळी जुळलीत. टेबलाला खुर्च्या सहा आहेत आणि माणसं दोन.

आता खरं लिहितो. टर्कीचं निमित्त होतं. म्हणजे टर्की खरंच प्रचंड झालाय, पण पत्र त्याच्यासाठी नव्हतं. तू ये. अठ्ठावीस नोव्हेंबर, गुरुवार, जेवण एक वाजता. एक दिवसासाठी ये. आईच्या मातीला आलीस तेव्हा तू कबरीच्या त्या बाजूला उभी होतीस आणि मी या बाजूला, आणि मध्ये ती. तसं परत नको व्हायला.

तुझा बाप


३ नोव्हेंबर

सिग्ने,

तुझं कार्ड आलं. या खेपेला चित्रच नाही, साधं पांढरं. "गाई का विकल्यात? खरं कारण लिहा. मग येण्याचं बघू."

रास्त आहे.

गुडघे. तुला माहीतच आहे माझे गुडघे कसे झाले होते. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की आणखी दोन हिवाळे धारा काढायला बसलात तर काठी घ्यावी लागेल. शिवाय दुधाला तेव्हा कुणी विचारत नव्हतं, खोऱ्यातले चार गोठे त्याच वर्षी बंद झाले. आणि गिऱ्हाईक चांगलं होतं, बेचाळीसच्या बेचाळीस गाई एकाच घरी जाणार होत्या, पांगणार नव्हत्या. तू मेमध्ये कॉलेज संपवून येणार होतीस, पण तोवर तो थांबला नसता. तेव्हा मी ठरवलं की

लेफ्सेचं, आईच्या त्या बटाट्याच्या पातळ पोळ्यांचं, सांगायचं राहिलं. काल करून बघितल्या. आईची ती लांब चपटी काठी सापडली, रेघारेघांचं लाटणंही सापडलं. बटाटे उकडले, गाळले, मर्नाचं नव्हे, मेल्विनचं पीठ घातलं. पहिली लाटली तर ओट्याला चिकटली. दुसरी काठीला. तिसरी माझ्या बाहीला. ड्वेन आला, बघून म्हणाला, "भिंतीला कागद चिकटवायला घेतलेत का?" लाल बटाट्याची लेफ्से होत नाही म्हणे, फार चिकट असतो, तपकिरी सालीचा कोरडा बटाटा लागतो. मी यंदा नुसते लाल लावले. तपकिरी बियाणं तळघरात होतं. ते मार्चमध्ये मी उकडून खाल्लं, दुसरं काही करायचं सुचत नव्हतं म्हणून. बर्निसकडे तपकिरी बटाटे आहेत. तिचं नाव मला माहीत आहे, म्हणजे नियमात बसतं. पण तिच्याकडे मागायला गेलो की ती परत हात धरणार.

आज एवढंच.

तुझा बाप


११ नोव्हेंबर

सिग्ने,

मागचं पत्र दारच्या पेटीत टाकलं आणि पोस्टमनला कळावं म्हणून पेटीचा झेंडा वर केला, तेव्हाच कळलं होतं की हे चालणार नाही. पोस्टमनच्या मागे धावणार होतो, पण गुडघे. ते खरंच वाईट आहेत. पण गाई मी गुडघ्यांमुळे विकल्या नाहीत.

तुला ती सोफी आठवते, पांढऱ्या कपाळाची? तू कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला जायच्या आधीचा ऑगस्ट. दुपारी ती अडली. वासरू उलटं होतं. जनावरांचा डॉक्टर दुसऱ्या गावी होता. मी आत हात घातला, दोनदा प्रयत्न केला, जमेना. गाय हातची जाणार असं दिसायला लागलं. तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही बाजूला व्हा." ओरडलीही नाहीस, सरळ म्हणालीस. बाही वर केलीस, डोळे मिटलेस, आणि दहा मिनिटांत वासरू फिरवून बाहेर काढलंस. मी शेपटी धरून उभा होतो. आपल्या गोठ्यात, बावन्नाव्या वर्षी, शेपटी धरून.

त्या दिवसापासून मी बघायला लागलो. तू दारातून आलीस की गाई माना वळवायच्या. मी आलो की रवंथ करत राहायच्या. तू दाण्यात बदल केलास, दूध वाढलं. तू म्हणालीस खिडक्या मोठ्या करू, आणि तुझंच बरोबर होतं. दुकानात लोक म्हणायचे, "ऑर्लिन, नशीबवान आहेस, पोरगी तुझ्यापेक्षा सरस निघाली." मी हसायचो. घरी येताना मात्र गाडीत तोंड कडू व्हायचं. असा बाप असतो का, सांग. लोक पोरांसाठी देवाकडे हेच मागतात आणि मला ते मिळालं तर माझ्या पोटात दुखलं.

तू मेमध्ये येणार होतीस. मेपासून तो गोठा तुझा झाला असता. कागदावर नाही, पण झालाच असता, हे गाईंनासुद्धा कळलं होतं. मला माझ्या गोठ्यात दुय्यम व्हायचं नव्हतं. म्हणून मार्चमध्ये विकल्या. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. आईलाही आदल्या दिवशी सांगितलं.

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आर्डिसला सांगावं लागलं नाही, तिला कळलं होतं. गाई गेल्यानंतरच्या पहिल्या थँक्सगिव्हिंगला जेवायला बसलो तर टेबलावर लोणी नव्हतं. मी विचारलं, लोणी कुठाय? ती म्हणाली, "ज्या गाईचं नाव मला माहीत नाही तिचं लोणी आज इथं नको." बस, एवढंच. भांडली नाही, अबोला धरला नाही. पण दर वर्षी त्या एका दिवशी लोण्याची बशी रिकामी मांडायची, बरोबर माझ्यासमोर. सात वर्षं मी त्या बशीकडे बघत टर्की खाल्ली.

माझं चुकलं, सिग्ने. नुसतं चुकलं नाही, मी वाईट वागलो, आणि तुझ्याशी वागलो. मेमध्ये तू सामान घेऊन आलीस आणि सरळ गोठ्यात गेलीस, आणि मी स्वयंपाकघरात बसून राहिलो, तुझ्यामागे यायची हिंमत झाली नाही. तू बाहेर येऊन एक शब्दही न बोलता गाडीत बसलीस. ते बरोबर केलंस.

हे वाचून तुला यावंसं न वाटलं तर मी समजेन. खरं कारण तू मागितलंस, ते हे आहे.

तुझा बाप


२६ नोव्हेंबर, मंगळवार

सिग्ने,

पंधरा दिवस पेटीत तुझं काही नाही. हे पत्र तुला गुरुवारनंतरच मिळेल, म्हणजे तुला आणण्यासाठी हे लिहीत नाही. कुणाला तरी सांगायचंय म्हणून लिहितोय, आणि सगळ्यात आधी तूच आठवतेस.

काल टर्की कापला. ड्वेन आला होता, नारिंगी कोट घालूनच, हरणांच्या शिकारीचे दिवस आहेत ना. सकाळपासून झाडावर बसून त्याला शेपूटसुद्धा दिसलं नव्हतं, म्हणून माझ्या टर्कीवर राग काढायला आला. साफ करून वजन केलं. त्रेचाळीस पौंड! ओव्हनचं दार उघडून समोर धरला तर नुसती मान आत गेली. ड्वेन म्हणाला, "ओव्हनच टर्कीत घाल."

तुझं ऐकलं. करवत काढली, उकळत्या पाण्यानं धुतली, आणि पाठीच्या कण्यावरून त्याला उभा चिरला. ड्वेन पाय धरून उभा होता आणि एकसारखा सूचना देत होता, त्यानं आयुष्यात अंडंसुद्धा धड फोडलेलं नाही. पण दोन सारखे अर्धे झाले. अर्धा माझ्या ओव्हनमध्ये, अर्धा रस्त्यापलीकडे त्याच्या ओव्हनमध्ये. गुरुवारी एक वाजता तो त्याचा अर्धा पिकअपमधून घेऊन येणार. सेज आणि कांदा मी दोन्हीकडे सारखा वाटून दिलाय. त्याला लिहूनही दिलंय किती वाजता झाकण काढायचं ते.

बर्निसकडे बटाटे मागायला गेलो. हात धरलाच. पण मग बाई बटाट्यांसकट माझ्या घरी आली आणि उभं राहून मला लेफ्से लाटायला शिकवली. पहिल्या आठ तिनं कोंबड्यांना घातल्या, निर्लज्जपणे, माझ्यासमोर. नवव्या वेळी म्हणाली, "ही माणसानं खाल्ली तर चालेल." पातळ झाली होती गं, पलीकडची खिडकी दिसत होती. तिलाही गुरुवारचं बोलावलंय. तिची मुलं यंदा सासरी जातात, आणि हे तिनं मला आधी सांगितलं नव्हतं. मला बोलवत होती ती स्वतःला एकटं जेवायला नको म्हणून. माणसाला किती उशिरा कळतं.

दुपारी तळघरात गेलो मुरंब्यासाठी. आर्डिसच्या आलुबुखाराच्या मुरंब्याच्या तीन बरण्या राहिल्यात. झाकणावर तिच्या हातची तारीख आहे, गेल्या ऑगस्टची. तिला तेव्हा कळलं होतं की आपण यातलं फारसं खाणार नाही, तरी चौदा बरण्या भरल्या. मी तिथं पायरीवर बसून रडलो. बरंच रडलो. पण सिग्ने, ते दुःखाचं नव्हतं सगळं. मला वाटलं, किती दिलं गं या बाईनं मला, आणि मी जुलै-एप्रिल सुद्धा विचारलं नाही तिला कधी.

तू आली नाहीस तरी मी तुझा ऋणी आहे. तू मला खरं लिहायला लावलंस. ते लिहिल्यापासून मला झोप लागते.

एक बरणी तुझ्यासाठी बाजूला काढलीय, कागदात गुंडाळून पाठवीन.

तुझा बाप


३ डिसेंबर

सिग्ने,

तू परत ऑरेगनला पोचलीस ते बर्निसला फोन केलास म्हणून कळलं. मला फोन न करता तिला केलास याचा मला मुळीच राग आलेला नाही. थोडा आलाय.

आता तुला न दिसलेलं सांगतो. तुझी गाडी वळणावर दिसली तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. बर्निस खिडकीशी होती, म्हणाली, "ऑर्लिन, कुणीतरी येतंय, भाड्याची गाडी आहे." मी सलगम सोलायला घेतला. तो सकाळीच सोलून झालेला होता. तू आत आलीस तेव्हा मी सोललेला सलगम सोलत होतो आणि तू म्हणालीस, "बाबा, आता तो संपेल." त्याच्यावर मी म्हटलं, कोट खुंटीला लाव. सात वर्षांनी पोरगी घरी येते आणि बाप म्हणतो, कोट खुंटीला लाव. बर्निसनं नंतर मला चांगलंच झापलं.

आणि ड्वेन! अर्धी टर्की मांडीवर घेऊन पिकअप चालवत आला आणि तुला बघितल्यावर ती तशीच हातात धरून दारात रडायला लागला. रस्सा सगळा त्या नारिंगी कोटावर. मी त्याला तसं कधी बघितलं नव्हतं. काल म्हणत होता, कांद्यामुळे.

तू टेबलाकडे एकदा नीट बघितलंस, ते मी बघितलं. आईसारखी मी बशी मांडली होती, रिकामी, पण या खेपेला मीच माझ्यासमोर मांडली होती. तू लेफ्सेवर मुरंबा घेतलास, गुंडाळी केलीस, खाल्लीस, आणि म्हणालीस, "लोण्याचं पुढच्या वर्षी बघू." बर्निसला वाटलं तू दुकानातून आणण्याबद्दल बोलतेयस, ती तुला नियम समजावून सांगायला लागली. मी मान खाली घालून भोपळा खात होतो. माझ्याच्यानं वर बघवत नव्हतं.

मग सगळ्यांनी एकेक गोष्ट सांगायची वेळ आली, कशाबद्दल आभार मानायचे ते. बर्निसनं माणसांबद्दल मानले. ड्वेननं टर्की अर्धा शिजल्याबद्दल, म्हणजे त्याचा अर्धा. तू म्हणालीस, "आईबद्दल." माझी पाळी आली आणि मी म्हटलं, "यंदा पाऊस बरा झाला." तुझ्या चेहऱ्यावर काय आलं ते मला दिसलं. हसू होतं की काय होतं, कळलं नाही. मला पावसाबद्दल बोलायचं नव्हतं, बाळा. जिभेवर दुसरं होतं, ते बाहेर येईना. ते हे होतं: माझी मुलगी माझ्यापेक्षा सरस आहे आणि ती आज माझ्या टेबलावर जेवतेय, याबद्दल मी देवाचे आभार मानतो. इथं लिहिलंय. पुढच्या वेळी तोंडानं म्हणेन, बर्निस बाजूला बसून चिमटा काढणार आहे.

जेवण झाल्यावर तू एकटी गोठ्यात गेलीस. मी मागे आलो नाही. सात वर्षांपूर्वी भीतीनं आलो नव्हतो, या खेपेला तुला तिथं एकटीला हवं असेल म्हणून आलो नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून सांगतोय. तू अर्ध्या तासानं आलीस आणि एवढंच म्हणालीस, "उत्तरेकडचा पत्रा उडालाय." मी म्हटलं, हो.

आता कामाचं. काल एक माणूस आला होता, शहरातून, चकचकीत बूट घातलेला. त्याला आपला गोठा हवाय. म्हणजे गोठा नाही, त्याच्या फळ्या. जुन्या लाकडाला तिकडं मागणी आहे म्हणे, लोक दिवाणखान्याच्या भिंतीला लावतात. पंधरा दिवसांत सगळं उतरवून नेतो, जागा साफ करून देतो म्हणाला. पत्रा उडालाय, तुळया ओल खातायत, दोन हिवाळ्यांत आपोआप पडेल असंही म्हणाला, आणि त्यात तो खोटं बोलत नव्हता. कागद आणि पेन काढून माझ्यासमोर धरलं.

तो इथं, याच टेबलाशी बसला होता. मी पेन हातात घेतलं. सवयच आहे माझी, हातात पेन आलं की सही करून मोकळं व्हायचं आणि घरच्यांना मागाहून सांगायचं. मग मी ते खाली ठेवलं आणि म्हटलं, "मला आधी माझ्या मुलीला विचारावं लागेल."

तो म्हणाला, "गोठा तुमच्या नावावर आहे ना?"

मी म्हटलं, "हो. पण तिला विचारावं लागेल."

तर विचारतोय, सिग्ने. गोठ्याचं काय करू या?

तुझा बाप